बार्थोलोम्यू, संत

बार्थोलोम्यू, संत : (इ. स. पहिले शतक). येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक व आद्य धर्मप्रचारक. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव ‘बर्थलमय’ असे येते. मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये यांतील बाराजणांच्या याद्यांपलीकडे नव्या करारात या नावाने काहीच आढळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावचा नथनेल तो हाच, असे पुढील परंपरा मानते. शुभवर्तमानांतील याद्यांत बर्थलमय फिलिप्पाच्या जोडीने येतो आणि नथनेलाला येशूकडे आणणारा फिलिप्पच आहे, एवढाच त्याला आधार. हे मत नवव्या शतकाच्या सुमारास रूढ झालेले दिसते. संत ऑगस्टीन तर नथनेलाला बारांत धरतच नाही.

त्याच्या प्रवासाचा महत्त्वाचा जुना उल्लेख ख्रिस्ती इतिहासकार युसीबिअसच्या चर्चच्या इतिहासात (चौथ्या शतकाचा आरंभ) आहे. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यालयाचा आचार्य पँटीनस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया’त गेला. तेथील ख्रिस्ती लोकांजवळ त्याला हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान आढळले, ते बार्थोलोम्यूने मागे ठेवले होते, अशी ही हकीकत. युसीबिअस ती ऐकीव म्हणूनच नोंदवतो, हे नंतरचे अनेक लेखक विसरतात. पुढे लॅटिन धर्मपंडित जेरोमने तीत भर घातली : इंडियातून आलेल्या दूतांच्या विनंतीवरून अलेक्झांड्रियाचा बिशप डीमीट्रिअस याने पँटीनसला पाठवले व त्याने ब्राह्मणांत उपदेश केला. डीमीट्रिअस इ. स. १८९ च्या सुमारास बिशप झाला. तेव्हा जेरोम प्रमाण मानला, तर हा प्रवास त्यानंतरचा ठरतो. युसीबिअसच्या निवेदनक्रमावरून तो काहीसा आधीचाही असू शकेल.

वादाचा मुख्य मुद्दा हा ‘इंडिया’ कोणता, हा आहे. त्या काळचे ग्रीक व लॅटिन लेखक इथिओपिया आणि दक्षिण अरबस्तान यांनाही सर्रास हे नाव देत. रूफायनस व सॉक्रेटीस (चर्चचा इतिहासकार) बार्थोलोम्यूचा इंडिया इथिओपियालगतचा सांगतात, तर फिलॉस्टॉर्जिअस त्याचा संबंध दक्षिण अरबस्तानातील हिम्यर लोकांशी जोडतो. या साक्षींवरून बरेच पाश्चात्त्य अभ्यासक येमेनकडे झुकतात. मात्र हे तिन्ही लेखक पँटीनसनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने लिहीत होते. उलट, पँटीनसचा शिष्य क्लेमंट ब्राह्मण व श्रमण यांच्याबरोबर बुद्धाचाही नावानिशी उल्लेख करतो. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने ईजिप्तहून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी जहाजे येत. अलेक्झांड्रियातील एखादा आचार्य खऱ्या भारतात पोहोचला असणे म्हणूनच असंभाव्य नाही. पँटीनसचा भारतप्रवास व बार्थोलोम्यूचा भारतप्रवास या मात्र दोन वेगळ्या गोष्टी असून पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही. भारतातील ख्रिस्ती लोकांनी सांगितलेले ‘मार तोमा’ (संत थॉमस) हे नाव पँटीनसने ‘बार तोल्मय’ असे ऐकले असावे, असाही एक तर्क आहे. तो चतुर असला, तरी त्याला पुरावा नाही.

ए. सी. पेरुमालिल व जॉर्ज मोराइश या आधुनिक अभ्यासकांनी बार्थोलोम्यूचे कार्यक्षेत्र कोकणपट्टीत, कल्याणच्या परिसरात मानले. त्यांची भिस्त एका लॅटिन हौतात्म्यकथेवर आहे. तीत पोलिमिअस नावाचा इंडियाचा राजा ख्रिस्ती होतो व त्याचा भाऊ अस्ट्रेजीस बार्थोलोम्यूला ठार करवतो. पोलिमिअस म्हणजे सातवाहन पुळुमावी, अस्ट्रेजीस म्हणजे पुराणांतील वंशावळीतला अरिष्टकर्ण आणि बार्थोलोम्यूविषयीच्या जुन्या उल्लेखांतील ‘सुखी इंडिया’ म्हणजे कल्याण, अशी ही जुळवणी. ग्रीक भूगोलकार टॉलेमी पैठणच्या राजाचे नाव जवळपास ‘पोलेमाइओस’ असेच देतो, हे खरे. पण तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी असून त्याचा काळ दुसऱ्या शतकात, म्हणजे प्रेषितांच्या पिढीनंतर पडतो. कथाही बहुधा पाचव्या-सहाव्या शतकांतली असून पोलिमिअस हे नाव काळ्या समुद्राकाठच्या पाँटसच्या पोलेमॉन राजांवरून आले असण्याचा संभव अधिक वाटतो. कल्याण हे मोठे बंदर होते, याबद्दल दुमत नाही. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख असून, तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील कोरीव लेखांतही कल्याणचे दाते आहेत. कल्याणला इराणमधून नेमलेला बिशप असल्याचे ग्रीक प्रवासी लेखक कॉस्मस सांगतो, पण ते सहाव्या शतकात. ती साक्ष इराणी चर्चच्या व्यापाराबरोबर झालेल्या प्रसाराची आहे, बार्थोलोम्यूची नव्हे.

त्याच्या अखेरच्या वर्षांविषयीचे बहुतेक वृत्तांत आर्मेनियाकडे बोट दाखवतात. आर्मेनियन चर्च तद्दय (येशूचा आणखी एक शिष्य) व बार्थोलोम्यू यांना आपले संस्थापक मानते. त्याचा मृत्यू आल्बानोपोलिस येथे झाला, असे म्हणतात. हे स्थळ निश्चित झालेले नाही. आर्मेनियन परंपरेने ते तुर्कस्तानातील वान प्रांतात, बाश्काले भागात मानले असून तेथील त्याच्या नावाचा मठ आज भग्नावस्थेत आहे. काहीजण कॅस्पियन समुद्राकाठची बाकू किंवा देर्बेंट ही शहरे सुचवतात. मृत्यूच्या प्रकाराबद्दलही एकमत नाही : जिवंतपणी कातडी सोलली, शिरच्छेद केला, उलटे क्रुसावर खिळले, असे तीन पाठ मिळतात. यांपैकी पहिला कलेत रूढ झाला. सिस्टाइन चॅपेलमधील ‘अंतिम निवाडा’ या भित्तिचित्रात मायकेलअँजेलोने त्याच्या हातात त्याचीच कातडी दिली आहे. कातडी कमावणारे त्याला आपला आश्रयदाता संत मानतात.

त्याचे अवशेष सहाव्या शतकाच्या आरंभी मेसोपोटेमियातील दारा येथे नेल्याची नोंद आहे. त्याच शतकात ते सिसिलीजवळील लिपारी बेटावर होते, असे फ्रान्समधील तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो. नवव्या शतकात ते दक्षिण इटलीतील बेनेव्हेंतोला व पुढे सम्राट तिसरा ऑटो याच्या काळात रोमला, टायबर नदीतील बेटावरच्या चर्चमध्ये नेले, असे सांगतात. अवशेष आपल्याकडेच राहिले, असे बेनेव्हेंतोकर म्हणत आले आहेत. त्याचा सण रोमन कॅथलिक पंथात २४ ऑगस्टला, तर बिझंटिन परंपरेत ११ जूनला असतो.