थरगुडचे 46 सामने, आणि व्हीएफएल म्हणजे नक्की कोणती?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधला जुना खेळाडू अल्बर्ट थरगुड, त्याचा विषय निघाला की कोणीतरी आकडा फेकतोच: 46 सामने, 89 गोल. मग पुढचं वाक्य ठरलेलं, "एवढ्यावर याला 'अल्बर्ट द ग्रेट' म्हणायचे?" आकडा बरोबर आहे, आणि खरी अडचण तीच आहे. तो फक्त व्हीएफएलचा, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा आहे.

एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, या खेळाची आजची सर्वोच्च स्पर्धा) बघणाऱ्यांना व्हीएफएल वेगळी सांगायला नको. 1990 मध्ये तिचंच नाव एएफएल झालं, बस्स. लोक अडखळतात ते व्हीएफए, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, या नावापाशी. आज व्हीएफएल नावाने चालते ती वेगळी, दुय्यम दर्जाची स्पर्धा, ती मूळची व्हीएफए. म्हणून जुनी व्हीएफएसुद्धा दुय्यमच असणार, असं धरून चालतात. साफ चूक!

व्हीएफए 1877 ची. पुढची वीस वर्षं व्हिक्टोरियात तिच्यावर दुसरी स्पर्धाच नव्हती. एसेंडन, कॉलिंगवुड, जिलाँग, मेलबर्न, सगळे तिथेच खेळायचे. 1896 च्या अखेरीस आठ बडे क्लब फुटून निघाले आणि 1897 पासून त्यांची व्हीएफएल सुरू झाली. म्हणजे क्लब तेच, खेळाडूही बहुतेक तेच, फक्त वही नवी. पुढे या धाकटीने एएफएल हे नाव घेतलं आणि तिने टाकलेलं व्हीएफएल हे नाव 1996 मध्ये थोरलीने उचललं. घोळ होणारच. पण 1893 ची व्हीएफए आजच्या व्हीएफएलच्या मापाने मोजणं हा घोळ नाही, आळस आहे.

आता थरगुडकडे पाहा. 1892 ते 94 एसेंडनकडून व्हीएफएत. तिन्ही वर्षं एसेंडन विजेता. एकट्या 1893 च्या मोसमात त्याचे 64 गोल, तेही एका बाजूला वीस-वीस जण मैदानात दाटलेले असताना. 1895 ते 97 तो पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला. नवी वही उघडली तेव्हा गडी तिथे नव्हताच! 1899 ला एसेंडनच्या संघात परतला, 1902 पर्यंत खेळला, मग 1906 मध्ये थोडा. ते 46 सामने या उत्तरार्धातले आहेत. त्यातही 1901 ची अंतिम लढत आहे: एसेंडन 43, कॉलिंगवुड 16.

दोन स्पर्धांतले बाकी फरक किरकोळ. 1897 पासून बिहाइंडचा (गोलखांब आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेलेल्या चेंडूचा) एक गुण धरू लागले, 1899 पासून संघ अठराचा झाला.

मला विचाराल तर त्याची कारकीर्द लिहिताना व्हीएफए आधी लिहावी. आणि ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी एक: 1899 मध्ये ईस्ट मेलबर्नच्या मैदानावर जमिनीवर ठेवलेल्या चेंडूला त्याने मारलेली किक मोजली गेली, 107 यार्ड 2 फूट 1 इंच. हा आकडा 46 आणि 89 च्या रकान्यात कुठेच सापडत नाही.