हायब्रिड गाडी खरंच कमी धूर सोडते का? वीस वर्षे जुन्या वादाची पार्श्वभूमी

गोव्यात सात आसनी डिझेल गाडी विकून हायब्रिड घ्यायचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो: बॅटरी बनवतानाच एवढे प्रदूषण होते, त्यापेक्षा जुनी दणकट गाडी बरी. या आक्षेपाचे मूळ २००७ च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या एका वादात आहे. तो वाद कसा सुटला हे पाहिले की आजचा हिशेबही सरळ मांडता येतो.

इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसवण्याची, म्हणजेच हायब्रिडची, कल्पना फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच प्रत्यक्षात आणली होती. पण मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली हायब्रिड म्हणजे टोयोटाची प्रियस, डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आलेली. तिच्यात दोन मोटर-जनरेटर आणि इंजिन एका ग्रहीय गिअरसंचाने (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाके फिरणारा गिअर) जोडलेले होते. त्यामुळे गाडीचा वेग काहीही असो, इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर ठेवता येते. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचे, म्हणजे आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होणारे. अशा इंजिनात ताकद थोडी कमी मिळते, पण इंधनातली उष्णता वाया कमी जाते. ताकदीची उणीव मोटर भरून काढते. ब्रेक मारताना तीच मोटर जनरेटर होते आणि एरवी ब्रेक तापवण्यात जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २०१.६ व्होल्टची आणि जेमतेम १.३ किलोवॉट-तासांची होती. पूर्ण विजेच्या गाडीत याच्या वीस-तीस पट किंवा त्याहूनही मोठी बॅटरी लागते. आक्षेप तपासताना हा आकार विसरून चालत नाही.

आता तो वाद. अमेरिकेतल्या सीएनडब्ल्यू या बाजार-संशोधन संस्थेने ‘डस्ट टू डस्ट’ नावाचा अहवाल काढला. गाडी बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा ऊर्जाखर्च मोजला तर हमरसारखी अवाढव्य गाडी प्रियसपेक्षा स्वस्त पडते, असा त्याचा निष्कर्ष. तो कसा निघाला हे पाहण्यासारखे आहे. प्रियस १,०९,००० मैल चालेल आणि हमर एच-१ तब्बल ३,७९,००० मैल, असे अहवालाने गृहीत धरले होते. खर्चाला मैलांनी भागायचे म्हटल्यावर एकाचा भाजक साडेतीन पट मोठा धरला की उत्तर आधीच ठरलेले असते. प्रियस एवढ्या लवकर भंगारात जाते याला आधार नव्हता; दीड-दोन लाख मैल चाललेल्या प्रियस टॅक्सी पुढे कितीतरी दिसल्या. पर्यावरण-अभ्यासक पीटर ग्लाइक यांनी पॅसिफिक इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेतर्फे २००७ मध्ये या अहवालाची चिरफाड केली. स्वतंत्र अभ्यासांनुसार पेट्रोल-डिझेल गाडीच्या आयुष्यातली बहुतांश ऊर्जा, साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त, ती चालवताना जळते. अहवालाने हे गणित उलटे करून कारखान्याच्या माथी मारले होते.

त्याच काळात कॅनडातल्या सडबरीच्या निकेल खाणीभोवतालच्या उजाड माळरानाचे खापरही प्रियसच्या बॅटरीवर फुटले. सडबरीची झाडी मेली ती उघड्यावर खनिज भाजण्याने आणि भट्ट्यांतून सुटणाऱ्या गंधकाच्या धुराने, प्रियस जन्माला येण्याच्या कितीतरी दशके आधी. १९७८ पासून तिथे चुनखडी टाकून पुन्हा झाडे लावली जात आहेत. निकेलची खाण निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणणार नाही, खाणीने डोंगराचे काय होते हे गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या, डिचोली-सांग्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण जुन्या जखमेचा दोष नव्या गाडीवर टाकणे चूकच.

भारतात २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड आली, २०१० मध्ये प्रियस. दोन्ही आयात केलेल्या आणि महाग, म्हणून रस्त्यावर क्वचितच दिसल्या. १ एप्रिल २०१५ ला विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणारी केंद्राची फेम योजना सुरू झाली, आणि गोंधळही तिथेच सुरू झाला. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगा या डिझेल गाड्यांना ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून सवलत मिळाली. त्यांच्यात पट्ट्यावर चालणारा एक मोठा स्टार्टर-जनरेटर होता, जो सिग्नलला बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू करी आणि वेग घेताना थोडा हात देई. नुसत्या विजेवर त्या एक मीटरही चालत नसत. १ एप्रिल २०१७ पासून ही सवलत थांबली, पण ‘हायब्रिडने ॲव्हरेज फारसे वाढत नाही’ हे मत मागे राहिले, ते या माइल्ड प्रकारामुळेच.

विजेवर खरोखर चालणारे, स्ट्राँग म्हणवले जाणारे प्रकार आवाक्यात आले २०२२ मध्ये: होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि वर्षाअखेरीस इनोव्हा हायक्रॉस. जीएसटी २०१७ ला आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर आणि मोठ्या एसयूव्हीवर एकूण ४३ टक्केच कर होता; त्याच वर्षी सप्टेंबरात एसयूव्हीवरचा कर ५० टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ४० टक्के. मोठ्या हायब्रिडला असलेला सात टक्क्यांचा फायदा त्या दिवशी संपला. गोव्यात तर २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणून लिटर सुमारे ११ रुपयांनी स्वस्त केले होते. इंधन वाचवण्यासाठी जादा पैसे मोजायची निकड अशा काळात कोणाला वाटणार?

हिशेब असा करावा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.६८ किलो. वर्षाला १०,००० किलोमीटर धरू. रस्त्यावर १२ चे ॲव्हरेज देणारी मोठी डिझेल गाडी ८३३ लिटर जाळते, म्हणजे सुमारे २,२३० किलो. १६ देणारी सात आसनी पेट्रोल हायब्रिड ६२५ लिटर जाळते, सुमारे १,४४० किलो. फरक मोठा आहे आणि खरा आहे. पण १८ देणारी साधी छोटी पेट्रोल गाडी ५५६ लिटरच जाळते, सुमारे १,२८० किलो. मोठी हायब्रिड मोठ्या डिझेलपेक्षा नक्की बरी, छोट्या साध्या गाडीपेक्षा नाही. मोपा विमानतळावरून सहा माणसे आणि सामान कोलव्याला न्यायचे असेल तर दोन छोट्या गाड्यांपेक्षा एक हायब्रिड कितीतरी कमी जाळेल. पर्वरीहून एकटाच माणूस रोज पणजीला जात असेल तर तीच गाडी उधळपट्टी आहे.

कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा मात्र तसाच धरू नये. हायरायडरचा २७.९७ हा चाचणीतला, एसी बंद ठेवून आणि ठरावीक संथ वेगात मिळालेला. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मोकळ्या रस्त्याने एकसारख्या ९० च्या वेगाने गेलात तर ब्रेक लागतच नाही, मग परत मिळणारी ऊर्जाही नगण्य. हायब्रिड जिंकते ती म्हापशाच्या बाजारात, मडगावच्या कोंडीत, आणि हॉटेलबाहेर एसी लावून गिऱ्हाइकाची वाट पाहताना. एसीचा काँप्रेसर विजेवर चालत असल्याने इंजिन मधूनमधून थोडा वेळच सुरू होते.

घाटाचे गणित वेगळे. चोर्ला घाट उतरून केरीकडे येताना प्रवाशांसह दीड टनाची गाडी ६०० मीटर खाली आली, तर जवळपास अडीच किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. ग्रँड विटारा-हायरायडरची बॅटरी आहे ०.७६ किलोवॉट-तासांची, आणि त्यातलाही काही भागच वापरायला मोकळा असतो. म्हणून अर्ध्या उतारावरच ती भरते आणि मोटरचा रोध जवळजवळ संपतो. तेव्हा गिअर ‘बी’वर घ्यावा, म्हणजे इंजिनाचा रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. इंजिनाचा आवाज वाढतो, तो बिघाड नव्हे.

किनाऱ्यावरच्या हवेत दोन गोष्टी आधी त्रास देतात. मोटरच बहुतेक वेळ गाडी थांबवत असल्याने ब्रेकच्या चकत्या कमी घासल्या जातात आणि खाऱ्या दमटपणात गंजतात. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहिली असेल तर मोकळा रस्ता पाहून, मागे कोणी नसताना, काही वेळा जोराने ब्रेक दाबून चकत्या पुसून घ्याव्यात. दुसरी म्हणजे सीटजवळची बॅटरीला हवा देणारी जाळी. समुद्रावरची वाळू आणि कुत्र्याचे केस तिच्यात अडकतात, वरून बॅगही ठेवली जाते. हवा कोंडली की बॅटरी तापते, गाडी तिचा वापर आवरता घेते आणि ॲव्हरेज गुपचूप घसरते. प्रत्येक सर्व्हिसला तो फिल्टर काढून दाखवायला सांगावे.

टोयोटा बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी होईल तोवर वॉरंटी देते. घरच्या गाडीला आठ वर्षे पुरतात. दिवसाला दीडशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला ही मर्यादा तीन वर्षांतच गाठते, तेव्हा टॅक्सीसाठी हायब्रिड घेणाऱ्याने पुढच्या बॅटरीची किंमत गाडी घेण्याआधीच लेखी विचारून हप्त्यांच्या हिशेबात धरावी.