बारा शिष्यवृत्त्या आणि वीस खेळाडू : अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉलची पार्श्वभूमी

अमेरिकी विद्यापीठांच्या महिला सॉफ्टबॉल संघांचा पैसा, प्रशिक्षकांची नेमणूक आणि खेळाडूंचा अभ्यास या तिन्ही गोष्टी १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याशी बांधलेल्या आहेत. या खेळाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे महिलांची महाविद्यालयीन जागतिक मालिका, १९६९ पासूनच नेब्रास्का राज्यातील ओमाहात भरत होती. परंतु शिक्षणात लिंगभेद करणाऱ्या संस्थेचे केंद्रीय अनुदान धोक्यात येईल, असे कायद्याने ठरवल्यानंतरच विद्यापीठांनी या खेळासाठी हात सैल केला. महिला क्रीडा चालवणारी एआयएडब्ल्यू ही संघटना सुरुवातीला शिष्यवृत्त्यांच्याच विरोधात होती, आणि १९७३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेल्यावर तिला तो नियम मागे घ्यावा लागला. १९८२ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेने महिलांसाठी स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि ती जुनी संघटना संपली.

पुढे एनसीएएच्या सर्वोच्च, म्हणजे प्रथम श्रेणीच्या संघाला बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. संघात मुली वीसेक असल्याने त्या बारांचे तुकडे करून वाटप होई. कुणाला निम्मे शुल्क, कुणाला फक्त पुस्तकांचा खर्च. उरलेला भार घरच्यांवर पडे, हे या व्यवस्थेचे फारसे न बोलले गेलेले वास्तव आहे. पॅटी गॅसो १९९५ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्यांचा संघ नॉर्मन शहराच्या सार्वजनिक उद्यानातील मैदानावर खेळत असे. त्याच संघाला २०२४ मध्ये सुमारे ४,२०० आसनांचे नवे मैदान मिळाले, आणि तोवर त्याची सात विजेतेपदे झाली होती.

प्रशिक्षकांबाबत मात्र एक उलटा परिणाम झाला. १९७२ पूर्वी महिला संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. पगार वाढले तसे पुरुष या नोकऱ्यांकडे वळले आणि हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. शिवाय मुख्य प्रशिक्षक आणि दोन पगारी सहाय्यकांसोबत एक ‘स्वयंसेवक’ विनावेतन राबत असे. ते पद २०२३ मध्ये रद्द होऊन तिसऱ्या पगारी सहाय्यकाची सोय झाली, आणि ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

अभ्यासाच्या बाबतीत कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे. हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा असली, तरी सामन्याचा अख्खा दिवस तीनच तासांचा धरतात आणि प्रवास मोजतच नाहीत. फेब्रुवारी ते जून चालणाऱ्या या हंगामात सत्रपरीक्षाही येतात, आणि दुसरे वर्ष संपेपर्यंत पदवीचा चाळीस टक्के अभ्यासक्रम पूर्ण केला नाही, तर खेळाडूची पात्रता जाते. २०२४ पासून यूसीएलएसारखा लॉस एंजेलिसचा संघ बिग टेन या मूळच्या मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या स्पर्धागटात गेल्याने साखळी सामन्यांसाठी देशाच्या पूर्व टोकापर्यंतचे दौरेही आले.

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती, बारांची मर्यादा हटवून संघाची कमाल संख्या पंचवीस ठरवली. त्याच तडजोडीने विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना देण्याची मुभा दिली, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जातो. मागील वर्षांतल्या खेळाडूंना द्यायच्या भरपाईची वाटणीही तशीच असल्याने काही महिला खेळाडूंनी ‘टायटल नाइन’च्याच आधारे तिच्याविरुद्ध अपील दाखल केले.