पार्श्वभूमी : उपग्रह, डास आणि साथीचा ‘अंदाज’

साथ येण्याआधीच उपग्रहाला तिची चाहूल लागते, हे वाक्य हल्ली बातम्यांत इतक्या सहज येतं की त्यातली गोम लक्षातच येत नाही. उपग्रहाला पाऊस मोजता येतो, पाण्याचं तापमान, जमिनीतली ओल, पानांचा हिरवेपणा मोजता येतो. विषाणू दिसत नाही, डासही दिसत नाही. हिरवेपणापासून तापापर्यंतचा मधला रस्ता माणसांनी चिखल तुडवत शोधलेला आहे.

सुरुवातीचा काळ झटकन उरकता येईल. १९७० च्या दशकाच्या तोंडावर अमेरिकेत विमानातून घेतलेल्या इन्फ्रारेड छायाचित्रांवरून डासांच्या पैदाशीच्या जागा ओळखण्याचे प्रयोग झाले. १९७२ मध्ये जमिनीची चित्रं घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह गेला. सुमारे ८० मीटर आकाराच्या जागा त्याला वेगवेगळ्या दिसायच्या, पण एका जागेवर तो १८ दिवसांनी परत यायचा आणि नेमके त्याच दिवशी ढग असले की ती फेरी फुकट. म्हणजे पावसाळी रोगांचा माग काढायचा आणि ऐन पावसातच आंधळं व्हायचं. कलाटणी मिळाली ती हवामान उपग्रहांमुळे, जे मुळात ढग आणि समुद्राचं तापमान बघायलाच सोडलेले होते. त्यांचं चित्र जाडंभरडं, एका ठिपक्यात किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त जमीन, पण रोज मिळणारं. दहा-पंधरा दिवसांच्या चित्रांतून प्रत्येक जागेचा सगळ्यात स्वच्छ ठिपका उचलला की ढग बऱ्यापैकी गळून पडतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा इन्फ्रारेड परतवतं. या दोहोंच्या फरकातून ‘एनडीव्हीआय’ हा हिरवाईचा निर्देशांक निघतो. १९८० च्या दशकात अख्ख्या खंडांचे हिरवाईचे नकाशे नियमित मिळू लागले.

हिरवाईचा आणि रोगाचा सांधा खऱ्या अर्थाने जुळला तो पूर्व आफ्रिकेत, रिफ्ट व्हॅली तापाच्या, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या जनावरांच्या आणि माणसांच्याही एका विषाणूजन्य रोगाच्या बाबतीत. १९३० साली केनियातल्या नैवाशा सरोवराजवळ एका मेंढ्यांच्या फार्मवर कोकरं पटापट मरू लागली आणि पुढच्या वर्षी विषाणूची नोंद झाली. नंतर कोडं असं पडलं की हा रोग कित्येक वर्षं गायब होतो आणि जबर पावसाच्या वर्षी एकदम उसळतो. मधली वर्षं तो असतो कुठे? उत्तर होतं ‘डांबो’मध्ये. डांबो म्हणजे गवताळ माळावरचा उथळ खोलगट भाग, एरवी कोरडा, चालत गेलात तर कदाचित कळणारही नाही असा. एडिस जातीचे काही डास त्याच्या ओलसर मातीत अंडी घालतात. ती अंडी वर्षानुवर्षं सुकी पडून राहतात आणि डांबो पाण्याने भरला की फुटतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी अशाच डांबोतल्या अळ्या वाढवल्या, तर त्यांतून निघालेल्या, अजून कुणालाही न चावलेल्या डासांत विषाणू सापडला. म्हणजे तो अंड्यातूनच आलेला.

हे कळल्यावर उपग्रहाचं काम सोपं झालं. डांबो भरला की भोवतीचं गवत तरारतं आणि गवत तरारलं की निर्देशांक चढतो. १९८७ मध्ये केनियातली विषाणूची हालचाल आणि उपग्रहातून दिसणारी हिरवाई यांचा मेळ दाखवणारा शोधनिबंध आला. मग १९९७-९८ चा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याचा काळ) आला, अतोनात पाऊस झाला आणि केनियातल्या एकट्या गॅरिसा जिल्ह्यात सुमारे २७,५०० लोकांना लागण झाली असावी, असा नंतर हिशेब निघाला. १९९९ मध्ये दुसऱ्या निबंधाने दावा केला की प्रशांत आणि हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान हिरवाईशी जोडलं तर पूर्व आफ्रिकेतल्या उद्रेकाचा अंदाज पाच महिने आधी बांधता येतो. दावा भक्कम होता, पण येऊन गेलेल्या साथींवर ताडून पाहिलेला. खरी परीक्षा व्हायची होती.

ती २००६ मध्ये झाली, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण तेच. सप्टेंबरपासूनच समुद्राची लक्षणं ठीक नव्हती. पावसाळा सरू लागण्याआधी इशारे निघाले, संबंधितांपर्यंत पोचले. डिसेंबरमध्ये गॅरिसात माणसांमधला रोग पक्का झाला. पुढे पाहिलं तर हॉर्न ऑफ आफ्रिकेतले (सोमालिया, केनियाकडच्या ईशान्य टोकाचे) सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण नकाशात धोक्याच्या दाखवलेल्या भागांतलेच निघाले. तंत्र खरं ठरलं. जनावरांना लस टोचायला मात्र जानेवारी २००७ उजाडला.

यावर ‘सरकारी दिरंगाई’ असा शेरा मारून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या खुर्चीत बसून बघा. हातात असलेली स्वस्त लस म्हणजे जिवंत, दुबळा केलेला विषाणू. गाभण मेंढीला टोचली तर ती गाभडू शकते किंवा कोकरू व्यंग घेऊन जन्मतं. कळपात रोग शिरल्यावर टोचायला जावं तर तीच सुई एका जनावराकडून दुसऱ्याकडे विषाणू नेण्याचा धोका. म्हणजे लस द्यायची तर निरोगी दिसणाऱ्या कळपांना, साथीचा मागमूसही नसताना, केवळ एका नकाशाच्या भरवशावर. साथ आलीच नाही तर गाभडलेल्या मेंढ्यांचा जाब कोण देणार? शिवाय २००० साली हा रोग आफ्रिकेबाहेर प्रथमच सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये पोचला, तेव्हा आखाती देशांनी हॉर्नमधून येणारी जनावरं बंद केली होती. ज्या भागाचं पोट जनावरांच्या निर्यातीवर चालतं तिथे नुसता ‘रोगाचा संशय’ हा शब्दही महाग पडतो. मला तरी यात आळसापेक्षा भीती जास्त दिसते.

नंतर गुराख्यांशी बोलून केलेल्या अभ्यासात एक वेळापत्रक हाती आलं. पाऊस सुरू झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी डासांचे थवे, त्यानंतर अडीच आठवड्यांच्या आसपास पहिलं आजारी जनावर, आणि आणखी तितक्याच दिवसांनी पहिला माणूस. सोमाली गुराखी या रोगाला ‘सांडिक’ म्हणतात, म्हणजे रक्ताळलेलं नाक. त्यांनी तो ओळखला होता.

कॉलऱ्याची वाट वेगळी आहे, ती थोडक्यात सांगतो. त्याचे जिवाणू कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जलचरांच्या अंगावर राहतात, ते जलचर वनस्पतीप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतात, आणि प्लवकांचा हिरवा रंग उपग्रहाला दिसतो. १९९२ ते ९५ मधली बांगलादेशातली रुग्णसंख्या बंगालच्या उपसागराच्या तापमानाशी आणि पाण्याच्या पातळीशी मिळतीजुळती निघाली. २०१७ मध्ये येमेनमध्ये दहा लाखांवर संशयित रुग्ण झाले. ती साथ किनाऱ्यावरची नव्हती, युद्धाने मोडलेल्या पाणीव्यवस्थेची होती. त्यामुळे पुढच्या वर्षी चार आठवडे पुढचे जे अंदाज वापरले गेले, त्यांत पाऊस आणि तापमानाबरोबर लोकवस्तीही धरावी लागली. दरम्यान २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा साठा फुकट झाला. त्याआधी एकेका चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत. नव्या संवेदकांपेक्षा या एका निर्णयाने क्षेत्र जास्त पसरलं असं मी मानतो, आणि त्याबरोबर ‘अंदाज’ हा शब्दही सैल झाला.

कारण या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. ‘इथे कधीही होऊ शकतं’ हा धोक्याचा नकाशा. ‘या हंगामात परिस्थिती जुळत चालली आहे’ हा इशारा. ‘अमक्या आठवड्यात इतके रुग्ण’ हे भाकीत. रिफ्ट व्हॅली तापाबाबत उपग्रहांनी दिला तो पहिला आणि दुसरा प्रकार. बातमीत तो तिसरा होऊन छापला जातो आणि मग ‘चुकला की बरोबर आला’ असा निकाल लागतो. २०१५-१६ च्या एल निनोत पूर्व आफ्रिकेसाठी पुन्हा इशारे निघाले, काही ठिकाणी आधीच लसही टोचली गेली. केनियात मोठी साथ आली नाही. इशारा फुसका ठरला की लसीने काम केलं? वाद घालायला दोन्ही बाजूंना पुरेसा दारूगोळा आहे, कारण लस न दिलेला दुसरा केनिया ताडून पाहायला उपलब्ध नाही.

आणि २०१८ मध्ये एल निनो नसताना मार्च ते मे दरम्यान बेफाम पाऊस झाला. जूनमध्ये केनियातल्या वाजीर भागात रोग पक्का झाला. सुरुवातीचे रुग्ण एका गुराखी कुटुंबातले होते. त्यांनी कळपातल्या आजारी जनावराचं मांस खाल्लं होतं.