ऑल स्टार्स सप्ताहाआधीची चाळीस वर्षं

ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा मोसम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, मूलनिवासी व्यावसायिक खेळाडू आपापल्या क्लबांतून येऊन काही दिवस एकत्र राहतात. शेवटी ऑल स्टार्सचा सामना होतो. या प्रथेची सुरुवात २०१० ची मानतात, पण तिचं मूळ १९७१ च्या सिडनीत आहे.

गावं सोडून सिडनीतल्या रेडफर्न या वस्तीत आलेल्या कूरी (आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी) तरुणांत उत्तम खेळाडू होते, पण क्लबांचे स्काऊट त्यांच्याकडे फिरकत नव्हते. म्हणून त्यांच्यातल्याच काहींनी जवळच्या सेंट पीटर्स भागातल्या कॅम्डनव्हिल ओव्हल या मैदानावर ७ संघांची स्पर्धा भरवली. तीच कूरी नॉकआउट. आता तिथे शंभरावर संघ उतरतात. जिंकेल त्याने पुढच्या वर्षी यजमान व्हायचं, हा तिचा नियम. म्हणजे मैदानं, राहणं, जेवण, सगळा भार विजेत्यांच्या समाजावर. संघ गावाचा किंवा कुळाचा असतो, त्यामुळे नावाजलेला व्यावसायिक खेळाडू आपल्या आतेभावाशेजारी खेळतो. ऑक्टोबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीला जोडून ती होते. लीगची ग्रँड फायनलही त्याच सुमारास असते. अंतिम फेरीतले खेळाडू अडकतात, बाकीच्यांचा मोसम संपलेला असतो. तरी त्यांना क्लबची परवानगी लागते. तीन-चार दिवसांत इतके सामने खेळायचे तर गुडघा, खांदा दुखावण्याची भीती खरीच असते.

२०१० चा पहिला ऑल स्टार्स सामना ही प्रेस्टन कॅम्पबेल या मूलनिवासी खेळाडूची कल्पना. तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत ‘चोरलेल्या पिढ्यां’ची, म्हणजे सरकारने घरच्यांपासून तोडून नेलेल्या मूलनिवासी मुलांची, माफी मागितली होती. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, गोल्ड कोस्टवर जोनाथन थर्स्टनच्या मूलनिवासी संघाने १६-१२ ने सामना जिंकला. २०१९ पासून समोर न्यूझीलंडच्या मूलनिवासींचा, माओरींचा, संघ असतो.

अशा एकत्र येण्याची गरज का पडते, ते रजेच्या अर्जावर कळतं. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी, नात्यांत मावशी ही आईच. तिच्या अंत्यविधीला आणि शोकाच्या विधींना, ‘सॉरी बिझनेस’ला, जावंच लागतं आणि त्याला बरेच दिवसही लागू शकतात. रजेच्या नियमात फक्त आई, वडील, भावंडं असली की अठरा वर्षांचा मुलगा न सांगताच गावी निघून जातो आणि क्लबच्या वहीत त्याची ‘गैरहजेरी’ लागते. हे व्यवस्थापकाला कोणत्या शब्दांत सांगायचं, ते त्याला यातून आधी गेलेला खेळाडूच नीट शिकवू शकतो. पण हा मुलगा आणि तो अनुभवी खेळाडू बहुधा वेगवेगळ्या क्लबांत, वेगवेगळ्या शहरांत असतात; ते भेटतात फेब्रुवारीतल्या त्या दिवसांत.