बॅरी सँडर्स आणि राहून गेलेले १,४५७ यार्ड

जुलै १९९९ संपत आला होता. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स या संघाचं सराव शिबिर सुरू होण्याच्या तोंडावर कॅन्सस राज्यातल्या ‘विचिटा ईगल’ या दैनिकाकडे एक फॅक्स आला. लायन्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, बॅरी सँडर्स निवृत्त होत होता. खेळत राहण्यापेक्षा खेळातून बाहेर पडण्याची इच्छा आता मोठी झाली आहे, एवढंच कारण. पत्रकार परिषद नाही, निरोपाचा सामना नाही. स्वतः तो तेव्हा लंडनला निघून गेला होता.

वय ३१. दुखापत नाही, फॉर्मही शाबूत. कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम वॉल्टर पेटनचा, १६,७२६ यार्डांचा. सँडर्सचे झाले होते १५,२६९. उरले १,४५७. आदल्या मोसमात, जो त्याच्या मापाने बेताचाच होता, तो १,४९१ यार्ड धावला होता. तसाच आणखी एक मोसम पुरला असता.

यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. रनिंग बॅकने चेंडू हातात घ्यायचा आणि समोरच्या अकरा जणांतून वाट काढत जमतील तितके वार पुढे जायचं. कुणी खाली पाडलं की तो डाव तिथेच संपला. बहुतेक रनिंग बॅक अंगाच्या जोरावर मुसंडी मारतात. सँडर्स जेमतेम पाच फूट आठ इंचांचा. त्याचं बळ हुलकावणीत होतं. कबड्डीत कसलेला चढाईपटू कोपऱ्यातल्या माणसाला एका बाजूला झुकवून दुसरीकडून निसटतो, तसं काहीसं, फक्त पूर्ण वेगात. या पद्धतीचा तोटाही होता. वाट शोधताना तो कधी मागे सरकायचा आणि तिथेच पकडला जायचा. ३१ डिसेंबर १९९४ ला ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात तो १३ वेळा चेंडू घेऊन धावला आणि हाती आला उणे एक यार्ड. लायन्स १६-१२ हरले.

विचिटातलं घर छपरं घालणाऱ्या कारागिराचं, मुलं अकरा. वडील विल्यम यांच्या लेखी जगात एकच रनिंग बॅक होता, जिम ब्राऊन. मुलाचं नाव गाजू लागल्यावरही त्यांनी हे मत बदललं नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात बॅरी दोन वर्षं थर्मन थॉमसचा बदली खेळाडू होता. थॉमस बफेलोच्या व्यावसायिक संघात गेला आणि १९८८ मध्ये बॅरीने ११ सामन्यांत २,६२८ यार्डांचा विक्रम केला. वर्षअखेरच्या ‘बोल’ नावाच्या खास सामन्यातले २२२ यार्ड तेव्हाच्या नियमाने यात धरलेलेच नाहीत. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइजमन ट्रॉफी जाहीर झाली तेव्हा तो संघासोबत टोकियोत होता.

१९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या फेरीत, लायन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. फॅक्समागची खरी गोष्ट मला त्या पहिल्याच मोसमाच्या अखेरीस दिसते. शेवटचा सामना अटलांटात, लायन्स पुढे. कॅन्सस सिटीच्या क्रिश्चन ओकोयेचे १,४८० यार्ड, सँडर्सचे १,४७०. प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी विचारलं, पुन्हा उतरायचंय का? सामना जिंकून घरी जाऊ, म्हणाला हा. टचडाऊन केल्यावरही, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेल्यावरही, नाच नाही की चेंडू आपटणं नाही. चेंडू पंचांच्या हाती द्यायचा आणि चालू लागायचं. ज्याने लीगमधल्या पहिल्या नंबरासाठी अकरा यार्ड धावायची तसदी घेतली नाही, तो दहा वर्षांनी १,४५७ यार्डांसाठी थांबेल, असं लोकांना वाटलं कशावरून?

त्यात संघ लायन्स. १९९१ च्या मोसमात त्यांनी १२ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये डॅलसला ३८-६ ने झोपवलं आणि पुढच्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून ४१-१० असा मार खाल्ला. सँडर्सच्या दहा वर्षांत प्लेऑफमधला विजय हा एवढाच.

१९९७ चा मोसम मात्र अजब होता. बॉबी रॉस नवे प्रशिक्षक. पहिल्या दोन सामन्यांत सँडर्सचे यार्ड ३३ आणि २०. लोक कुजबुजू लागले. मग सलग १४ सामन्यांत शंभराच्या वर, आणि त्या चौदा सामन्यांची बेरीज बरोब्बर २,०००. मोसमाचे २,०५३. ओ. जे. सिम्पसन आणि एरिक डिकरसननंतर दोन हजार ओलांडणारा तो तिसरा. सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्रेट फार्वसोबत विभागून मिळाला.

नवा, भल्या मोठ्या रकमेचा करारही त्याच वर्षी झाला. पण मोसम संपल्यावर संघाने सेंटर केव्हिन ग्लोव्हरला जाऊ दिलं. सेंटर म्हणजे पुढच्या फळीच्या मधोमध उभा राहून रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करणारा माणूस. त्यात ग्लोव्हर सँडर्सचा जवळचा सोबती. १९९८ मध्ये लायन्स पाच जिंकले, अकरा हरले. चांगले खेळाडू सोडून देणाऱ्या व्यवस्थापनाला जिंकायचंच नाही, असं आपलं मत झालं होतं, हे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. निवृत्तीनंतर क्लबने कराराचा बोनस परत मागितला आणि लवादाने त्यातली काही रक्कम फेडायला लावलीही.

वडिलांच्या लाडक्या जिम ब्राऊननेही १९६६ मध्ये तिशीत, विक्रम नावावर असताना, खेळ सोडला होता. चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी तोही तेव्हा लंडनलाच होता. हा निव्वळ योगायोग; पण विल्यम यांच्या घरात वाढलेल्या मुलाला ती कथा ठाऊक नसेल, हे पटत नाही.

पेटन १ नोव्हेंबर १९९९ ला वारला. त्याचा विक्रम २००२ मध्ये डॅलसच्या एमिट स्मिथने मोडला. सँडर्स २००४ मध्ये दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. लायन्सनी प्लेऑफमधला पुढचा सामना जिंकला तो त्यानंतर चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, रॅम्सविरुद्ध, एका गुणाने.