मध्ययुगीन रानविद्येमागचा कायदा आणि कसब
मध्ययुगातील रानविद्या म्हटले की निर्जन अरण्यात तग धरणारा एकटा माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात, निदान इंग्लंडमध्ये तरी, ही विद्या गावकऱ्यांच्या रोजच्या गरजांतून घडली आणि जंगलात कोणाला काय तोडता येईल, या हक्कांनी तिला वळण दिले.

इंग्लंडचा राजा विल्यम पहिला याने १०७९ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्टचा प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवला आणि पुढे अशा राखीव क्षेत्रांची व्याप्ती वाढतच गेली. बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने १२१७ मध्ये निघालेल्या जंगलाच्या सनदेने हरीण मारल्याबद्दल होणारी प्राणदंडाची व अवयव तोडण्याची शिक्षा रद्द केली, आणि स्वतंत्र माणसाला स्वतःच्या रानात सापडलेल्या मधावरही हक्क दिला. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेपेक्षा ही सनद सामान्य माणसाच्या चुलीच्या अधिक जवळची होती, असे माझे मत आहे.

लाकूडतोडीचे खरे कौशल्य झाड जिवंत ठेवून लाकूड मिळवण्यात होते. हेझल या झुडूपवजा झाडाचे खोड जमिनीलगत छाटले की बुंध्यातून अनेक सरळ धुमारे फुटत. काही वर्षांनी ते तोडून त्यांपासून कुडाच्या भिंती आणि मेंढ्यांची कुंपणे विणली जात, तर उरलेल्या काटक्या सरपणाला जात. इंग्लंडमधील सफक परगण्यातल्या ब्रॅडफिल्ड वुड्स या रानात अशी तोड १२५२ पासून चालत आल्याची नोंद आहे.

विस्तवासाठी युरोपात अनेक ठिकाणी बर्च आणि बीच या झाडांवर खुराच्या आकारात वाढणारी अळंबी वापरत. तिचा आतला मऊ थर कापून, राखेच्या पाण्यात भिजवून, चामड्यासारखा लवचीक होईपर्यंत कुटला जाई. पोलादावर गारगोटी आपटली की पोलादाचे बारीक कण जळत उडत. त्यांतला एखादा या थरावर पडला की तो ज्वाळेविना धुमसू लागे, आणि मग सुक्या गवतात धरून फुंकर घातली की जाळ होई.

या विद्येतले लेखनात उतरले ते मुख्यतः सरदारांच्या आवडीचे. दक्षिण फ्रान्समधील फ्वाचा काउंट (सरदार) गास्तों फेबस याने १३८७ मध्ये सुरू केलेल्या शिकारग्रंथात नर हरणाच्या खुरांचे ठसे आणि लेंड्या यांवरून त्याचे वय व आकार ओळखण्याचे सविस्तर मार्गदर्शन आहे. कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्यांनी मात्र असे काही लिहून ठेवले नाही; त्यांचा माग जंगल-न्यायालयांतील दंडाच्या नोंदींतून आणि जमिनीत उरलेल्या भट्ट्यांच्या काळ्या थरांवरून काढावा लागतो.